भक्षक पेशींचे संशोधक : इल्या मेचनिकॉव्ह

पैनगंगेच्या या काठी राहणाऱ्या आपणा सर्वांस पायात काटा मोडण्याचा अनुभव आहे. कापसाच्या काळ्या रानातून अनवाणी जाताना बाभळीचा काटा टाचेत शिरतो आणि त्याचे टोक आतच राहते. सायंकाळपर्यंत ती जागा लाल होते, दुसऱ्या दिवशी ठणकू लागते, आणि पुढे तेथे पू धरतो. घरातील वडील मंडळी सुई तापवून काटा काढून टाकतात व आपणही तो प्रसंग विसरून जातो. परंतु हा पू काट्याभोवती कोठून येतो, तो कशाचा बनलेला असतो, त्याला शरीराचा वैरी समजावे की कैवारी, हे प्रश्न आपल्यापैकी किती जणांच्या मनात येतात? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका प्राणिशास्त्रज्ञाच्या मनात ते आले. त्यांची उत्तरे शोधताना त्याने आपल्या देहात अहोरात्र फिरणाऱ्या एका सैन्याचा शोध लावला. त्या इल्या मेचनिकॉव्ह यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत. जंतूंशी लढणाऱ्या या सैन्याचा शोध लागण्यापूर्वी क्षयाच्या जंतूंनी त्यांचा पहिला संसार उद्ध्वस्त केला होता, हे वाचकांनी आरंभीच ध्यानात ठेवावे.

मेचनिकॉव्ह यांचा जन्म १५ मे १८४५ रोजी खारकॉव्ह शहराच्या परिसरातील एका खेड्यात झाला. तो प्रदेश त्या काळी रशियन साम्राज्यात मोडत असे. आज तो युक्रेन देशात आहे. वडील बादशाही रक्षकदलात अधिकारी होते, आई ज्यू कुळातील होती, आणि पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटा. एका वडील भावास शिकविण्यासाठी घरी एक तरुण विद्यार्थी राहत असे. भावापेक्षा धाकट्या इल्यालाच त्याच्या वनस्पतिशास्त्राची गोडी अधिक लागली. आठ-नऊ वर्षांचा हा मुलगा रानातून पाने-फुले गोळा करून आणी, भावंडांना व शेजारच्या मुलांना जमवून त्यांच्यापुढे व्याख्यान देई, आणि त्यांनी उठून जाऊ नये म्हणून आपल्या खाऊच्या पैशांतून त्यांना पैसे देई असे सांगतात. पुढे खारकॉव्हच्या विद्यापीठातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत संपविला. त्यानंतर जर्मनीत व इटलीत समुद्रातील क्षुद्र प्राण्यांच्या गर्भावस्थेचा अभ्यास केला आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८६७ साली, ओडेसा येथील विद्यापीठात अध्यापनास आरंभ केला. तेथेच १८७० मध्ये ते प्राध्यापक झाले.

येथवरची वाटचाल ही एका बुद्धिमान व उतावळ्या तरुणाच्या यशाची. पुढील चार-पाच वर्षे मात्र निराळी आहेत.

१८६९ साली ल्युडमिला फिओडोरोविच या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. वधूला तेव्हाच क्षयाने ग्रासलेले होते. चालण्याचेही त्राण तिच्या अंगी नव्हते. विवाहविधीसाठी तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. उबदार हवेने क्षयी मनुष्य बरा होतो अशी त्या काळची समजूत. औषध असे काही नव्हतेच. म्हणून हे दांपत्य थंड देश सोडून दक्षिणेकडील समुद्रकाठांवर हिंडत राहिले. खर्च भागविण्यासाठी मेचनिकॉव्ह व्याख्याने देत, भाषांतरे करीत, आणि रात्री सूक्ष्मदर्शकापुढे बसत. त्यांचे डोळे अधू झाले. अखेर अटलांटिक महासागरातील मदीरा बेटावर एप्रिल १८७३ मध्ये ल्युडमिलाचा अंत झाला.

त्या दुःखात मेचनिकॉव्ह यांचा मनावरील ताबा सुटला आणि जीवनच संपविण्याचा अविचार त्यांनी केला. सुदैवाने तो तडीस गेला नाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नीने लिहिलेल्या चरित्रात त्या रात्रीचा वृत्तांत आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणारे अल्पायुषी कीटक त्यांच्या दृष्टीस पडले. इतक्या थोड्या घटकांच्या आयुष्यात निसर्गनिवडीचे तत्त्व या प्राण्यांना कसे लागू पडत असेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या विचाराच्या नादात शास्त्रज्ञ पुन्हा जागा झाला. पत्नीने लिहिलेल्या चरित्रात थोडी अलंकृतता यावयाचीच. तथापि या मनुष्याचा स्वभाव पाहता ही हकीकत खोटी म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

या प्रकरणातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. चार वर्षे ते क्षयी पत्नीच्या सहवासात होते. एकाच खोलीतील हवा दोघांच्या छातीत जात होती. तरीही त्यांना स्वतःस तो रोग जडला नाही. एकाच छपराखाली राहणाऱ्या दोघांपैकी एक क्षयाने झिजून जातो आणि दुसरा धडधाकट राहतो, हे आपल्या गावांतूनही लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. कोणी त्याला नशीब म्हणतो, कोणी पूर्वसंचित. मेचनिकॉव्ह यांच्या पुढील संपूर्ण आयुष्याच्या तळाशी हाच प्रश्न होता असे आम्हांस वाटते.

१८७५ साली ओल्गा बेलोकोपितोव्हा हिच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. ती चित्रकार होती. पुढे प्रयोगशाळेत ती त्यांच्या बरोबरीने काम करू लागली. परंतु दैवाचे फेरे संपले नव्हते. १८८० साली ओल्गाला विषमज्वर झाला. ती वाचली, पण काळजीने खचलेल्या मेचनिकॉव्ह यांनी पुढील वर्षी पुनरावर्ती ज्वराच्या रोग्याचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. तो रोग रक्तातून पसरतो की नाही हे त्यांना पाहावयाचे होते. ते अत्यवस्थ झाले आणि कसेबसे बचावले. १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाल्यानंतर रशियातील विद्यापीठांत राजकीय दडपशाही वाढली, तेव्हा १८८२ साली त्यांनी प्राध्यापकपद सोडले. ओल्गाचे आईवडील वारले होते व तिच्या धाकट्या भावंडांचा भार या दोघांवर होता. ते सारे कुटुंब घेऊन मेचनिकॉव्ह सिसिली बेटावरील मेसिना या बंदरगावी राहावयास गेले.

त्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले होते. वैरी कोण ते जगाला कळले. त्याच्याशी शरीरात लढते कोण, हे मात्र कोणासच ठाऊक नव्हते.

डिसेंबरातील एके दिवशी घरची मंडळी मेसिनातील सर्कशीत माकडांचे खेळ पाहण्यास गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच मागे राहिले व सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन बसले. यंत्राखाली तारामीनाचे पिल्लू होते. हा जीव बाल्यावस्थेत काचेसारखा पारदर्शक असतो, त्यामुळे त्याच्या देहातील हालचाल बाहेरून स्पष्ट दिसते. आत काही पेशी इकडेतिकडे फिरत होत्या. त्या अन्नाचे कण गिळतात हे त्यांना पूर्वीच्या अभ्यासावरून माहीत होते. एकाएकी त्यांच्या मनात विचार आला की अन्न गिळणाऱ्या या पेशी बाहेरून शिरलेल्या घातक पदार्थांनाही गिळत असाव्यात, आणि शरीराचे संरक्षण करणारे सैनिक ते हेच असावेत. तसे असेल तर या पिल्लाच्या अंगात काटा टोचल्यास त्या पेशींनी काट्याभोवती गोळा झाले पाहिजे. ते उठले, बागेतून गुलाबाचे काटे तोडून आणले आणि तारामीनाच्या पिल्लांच्या कातडीखाली टोचले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पहाटे यंत्रातून पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला! आपल्या टाचेतील बाभळीच्या काट्याभोवती जो पू धरतो, त्यातही बहुतांशी अशा लढाईत कामी आलेल्या पांढऱ्या पेशीच असतात.

पुढील वर्षी व्हिएन्ना येथील एका प्राध्यापकाच्या सूचनेवरून या पेशींना ग्रीक भाषेतून नाव मिळाले. मराठीत आपण त्यांना भक्षक पेशी म्हणतो. १८८४ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी डबक्याच्या पाण्यात आढळणाऱ्या डॅफ्निया नावाच्या चिमुकल्या पारदर्शक जीवावर आणखी एक पुरावा मिळविला. या जीवाच्या पोटात एका बुरशीचे सुईसारखे बीजाणू जातात व आतड्याची भिंत भेदून आत शिरतात. भक्षक पेशींनी ते वेळीच गिळले तर जीव वाचतो. त्या कमी पडल्या तर बुरशी वाढून जीव मरतो. रोग होणे न होणे हा दोन जिवंत शक्तींच्या झुंजीचा परिणाम आहे, हे येथे प्रथमच डोळ्यांनी दिसले.

मराठी वाचकांस या सालांचे महत्त्व निराळ्या रीतीनेही जाणवेल. मेसिनातील त्या प्रयोगानंतर अवघ्या चार महिन्यांनी, एप्रिल १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेस निघाल्या. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी, पुण्यात क्षयानेच त्यांचे निधन झाले. जंतू ओळखला गेला होता, भक्षक पेशींचाही शोध लागला होता. पण या ज्ञानातून औषध निर्माण होण्यास अजून पन्नासाहून अधिक वर्षे लागणार होती.

मेचनिकॉव्ह यांचे मत सहजासहजी कोणी मान्य केले नाही. त्या काळच्या अनेक पंडितांचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. रक्तातील पांढऱ्या पेशींत जंतू सापडतात, हे त्यांनीही पाहिले होते. परंतु या पेशी जंतूंना आश्रय देतात व आपल्याबरोबर शरीरभर नेऊन रोग पसरवितात, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८७ साली मेचनिकॉव्ह आपल्या काचपट्ट्या घेऊन बर्लिनला कॉख यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांचे थंडपणानेच स्वागत झाले. मायदेशीही सुख नव्हते. १८८६ पासून ते ओडेसा येथील नव्या जंतुशास्त्रीय संस्थेचे प्रमुख होते. ते वैद्य नव्हते म्हणून तेथील डॉक्टर त्यांना मानीत नसत. त्यातच संस्थेने मेंढ्यांना टोचलेल्या लशीने हजारो मेंढ्या दगावल्या. अखेरीस १८८८ साली त्यांनी रशिया सोडला. पॅरिसमध्ये वृद्ध लुई पाश्चर यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. उरलेली अठ्ठावीस वर्षे मेचनिकॉव्ह तेथेच राहिले.

त्याच १८८८ साली त्यांनी क्षयाच्या गाठीवर निबंध प्रसिद्ध केला. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा भाग जितका सांगितला जावा तितका सांगितला जात नाही. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की तेथे बाजरीच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक गाठी तयार होतात. या गाठींत अनेक पेशी एकमेकींत मिसळून बनलेल्या राक्षसी आकाराच्या पेशी दिसतात. जंतूंनी मारलेल्या पेशींचे ते अवशेष होत, असे काहींचे मत होते. जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींसारख्या प्राण्यांना क्षय करून मेचनिकॉव्ह यांनी त्या गाठी तपासल्या. राक्षसी पेशींच्या पोटात त्यांना विरूप झालेले, नष्ट होत चाललेले जंतू आढळले, आणि या पेशीही भक्षकच आहेत असे त्यांनी प्रतिपादिले. ज्या रोगाने ल्युडमिलाला नेले, त्या रोगाचेही जंतू शरीर गिळू शकते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

त्यांनी जे पाहिले ते खरे होते. पण ते अर्धे होते. विरोधकांचेही म्हणणे क्षयाच्या बाबतीत काही अंशी खरे ठरावयाचे होते. विसाव्या शतकात असे दिसून आले की फुप्फुसातील मोठी भक्षक पेशी क्षयाचा जंतू गिळते खरी, परंतु पुष्कळदा तिला तो पचत नाही. गिळलेला जंतू प्रथम एका पिशवीत बंद होतो; मग पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन पहिलीस मिळते आणि जंतूचा नाश होतो. क्षयाचा जंतू या दोन पिशव्यांचे मीलनच होऊ देत नाही, असे १९७१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखविले. मग तो पहारेकऱ्याच्याच घरात बिऱ्हाड करून राहतो. त्याची वाढही अतिशय मंद. एकाचे दोन होण्यास सुमारे वीस तास लागतात. पेशी फुटली की जंतू बाहेर पडतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळतात, आणि त्यांच्याही पोटात तोच प्रकार सुरू होतो. शेवटी आजूबाजूला आणखी पेशी जमून, रक्तातून टी-पेशी नावाचे साहाय्यक येऊन, साऱ्यांचा मिळून एक कोट तयार होतो. तीच क्षयाची गाठ. बहुतेक मनुष्यांत हा कोट जंतूंना जन्मभर कोंडून ठेवतो. जंतूंचा संसर्ग झालेल्या शंभर जणांपैकी पाच ते दहा जणांसच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष क्षय होतो. उरलेल्यांना आपल्या छातीत असा कोट आहे याची वार्ताही नसते.

मग कोट कोणाचा टिकतो आणि कोणाचा ढासळतो? सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेला फुप्फुसाचा काप हा निर्जीव असतो. तो एका क्षणाचे चित्र दाखवितो. महिनोन्‌महिने चाललेली लढाई दाखवीत नाही. मनुष्याचे फुप्फुस तारामीनाच्या पिल्लासारखे पारदर्शक नाही. ही अडचण दूर करण्यासाठी आजच्या संशोधकांनी संगणकाचे साहाय्य घेतले आहे, आणि मेचनिकॉव्ह यांच्या कार्याचे हे नवे रूप विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात डेनिस किर्शनर व त्यांचे सहकारी यांनी २००४ साली क्षयाच्या गाठीचे एक संगणकीय प्रतिरूप प्रसिद्ध केले. ते समजण्यास आपला सारीपाट पुरेसा आहे. लांबीस १०० घरे व रुंदीस १०० घरे असलेला एक पट मनात आणा. प्रत्येक घराची बाजू एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी, म्हणजे सारा पट अवघ्या दोन मिलिमीटर लांबीरुंदीचा. फुप्फुसाचा तो एक इवलासा तुकडा होय. या पटावर सोंगट्या आहेत त्या भक्षक पेशींच्या आणि टी-पेशींच्या. घराघरांत जंतूंची संख्या मांडलेली आहे. प्रत्येक सोंगटीला नियम ठरवून दिलेले असतात. जेथून रासायनिक हाक येते त्या दिशेस सरकावे. जंतू भेटल्यास गिळावा. गिळलेले जंतू फार झाले तर फुटून जावे. टी-पेशी शेजारी आली व तिने चेतना दिली तर अधिक बलवान व्हावे. कोणती सोंगटी नेमकी कोठे जाईल हे फाशांच्या दानाप्रमाणे काही अंशी योगायोगावर सोडलेले असते. असे हजारो डाव संगणक खेळतो आणि फुप्फुसात महिनोन्‌महिने चालणारी लढाई थोड्या वेळात पुरी करून दाखवितो.

येथे कोणत्याही सोंगटीला गाठ बांधण्याची आज्ञा दिलेली नसते. तरीही साधे नियम पाळणाऱ्या त्या सोंगट्यांच्या हालचालींतून पटावर आपोआप गाठ उभी राहते, आणि ती खऱ्या गाठीसारखीच दिसते. आम्हांस यात मोठा चमत्कार वाटतो. किती टी-पेशी येतात, त्या केव्हा येतात, आणि त्यांना गाठीच्या आतवर वाट मिळते की बाहेरच भक्षक पेशींच्या गर्दीत त्या अडकून पडतात, यांवर जय-पराजय फार अवलंबून असतो, असे या डावांतून दिसले. पेशींना चेतविणारे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर नावाचे एक प्रथिन आहे. प्रतिरूपातून ते काढून घेतले तर गाठ जंतूंना आवरू शकत नाही. ते फार झाले तर दाह वाढून फुप्फुसाचीच हानी होते. प्रत्यक्षातही संधिवातावर हेच प्रथिन रोखणारी औषधे देण्यात येऊ लागली, तेव्हा काही रोग्यांत जुना, दडून बसलेला क्षय डोके वर काढतो असे २००१ साली निदर्शनास आले होते. पुढे माकडांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट आढळली. एकाच प्राण्याच्या फुप्फुसातील दोन गाठींचे भवितव्यही निरनिराळे असते. एक निर्जंतुक होऊन जाते आणि शेजारचीच फुटते. दोन माणसांतला फरक तर दूरच, पण एकाच छातीत दोन निकाल लागतात! संगणक हा काही वैद्य नव्हे, आणि त्याला दिलेले नियम चुकीचे असतील तर त्याचे उत्तरही चुकीचेच येणार. म्हणून प्रत्येक अनुमान प्रयोगाने ताडून पाहावे लागते. तरी कोणते औषध किती दिवस दिल्यास गाठीच्या आतवर पोहोचेल, यांसारखे प्रश्न आधी पटावर खेळून पाहता येतात, हा लाभ लहान नाही.

आता आपण पुन्हा पॅरिसला येऊ. मेचनिकॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत जगभरचे तरुण येत. त्यांत ओडेसा येथील त्यांचे जुने विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही होते. हाफकिन ज्यू असल्यामुळे रशियात त्यांची प्रगती खुंटली होती. १८८९ साली ते गुरूच्या पाठोपाठ पॅरिसला आले तेव्हा पाश्चर संस्थेत साहाय्यक ग्रंथपालाचीच जागा रिकामी होती, ती त्यांनी पत्करली. पुढे त्यांनी पटकीवर लस तयार केली व १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान मांडले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनविली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. गुरूने ओडेसात रोग्याचे रक्त टोचून घेतले होते, शिष्याने मुंबईत लस टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे. याच १८९७ साली आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातील सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी पाहिले. सूक्ष्मदर्शक यंत्राचे ते युग आपल्या दाराशी असे येऊन ठेपले होते.

भक्षक पेशींवरील वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. जर्मनीतील शास्त्रज्ञ रक्तद्रवातील प्रतिद्रव्यांना सारे श्रेय देत. मेचनिकॉव्ह पेशींना देत. ते तापट होते, हट्टी होते, आणि प्रत्येक आक्षेपाला नव्या प्रयोगाने उत्तर देण्याची त्यांना सवय होती. १९०१ साली त्यांनी प्रतिकारशक्तीवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. अखेर १९०८ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि प्रतिद्रव्यांचे पुरस्कर्ते पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले. दोन्ही पक्ष आपापल्या परीने बरोबर होते. प्रतिद्रव्ये जंतूंना चिकटली की भक्षक पेशी त्यांना अधिक सुलभतेने गिळतात, हे तोवर स्पष्ट होऊ लागले होते. कॉख यांच्याशीही पुढे त्यांचा स्नेह जुळला.

उतारवयात त्यांनी वार्धक्याची मीमांसा आरंभिली. मोठ्या आतड्यातील जंतूंच्या विषांमुळे मनुष्य लवकर म्हातारा होतो, आणि आंबट दुधातील जंतू त्या विषारी जंतूंना मागे हटवितात, असा त्यांचा सिद्धान्त होता. ते स्वतः नित्य आंबविलेले दूध घेत. त्यांच्यामुळे युरोपात दह्याचे मोठे वेड पसरले. जेवणाच्या शेवटी ताकभात खाणाऱ्या आपल्या लोकांना दह्याताकाची महती पॅरिसहून कळावयास नको होती; आणि त्यापासून शंभरीपुढील आयुष्य मिळेल ही त्यांची आशा तर फोलच ठरली. मात्र आतड्यातील जंतू आणि आरोग्य यांचा संबंध आहे, हा मूळ विचार आजच्या शास्त्रात पुन्हा मानाने वावरत आहे.

क्षयाला ते विसरले नाहीत. १९११ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पाश्चर संस्थेतील सहकाऱ्यांसह ते व्होल्गा नदीच्या मुखाकडील गवताळ रानात काल्मिक नावाच्या भटक्या जमातीत गेले. तंबूंतून राहणारे, मेंढ्या-घोडे पाळणारे हे लोक. जेथे बाहेरच्यांचा संपर्क कमी तेथे क्षय विरळ, आणि शहराशी संबंध वाढला की रोगही वाढतो, असे त्यांना आढळले. कातडीवर परीक्षा घेऊन कोणाच्या शरीराने जंतूंची ओळख करून घेतली आहे हे त्यांनी तपासले. ज्यांचा जंतूंशी सौम्य परिचय लहानपणी होतो त्यांना एक प्रकारची नैसर्गिक लसच टोचली जाते, असे त्यांचे अनुमान होते. याच सुमारास कालमेट आणि गेरॅं हे पाश्चर संस्थेचेच दोघे संशोधक क्षयाचा दुर्बल केलेला जंतू तयार करण्याच्या खटपटीत होते. १९२१ साली ती लस प्रथम एका अर्भकास देण्यात आली. आपल्यापैकी पुष्कळांच्या दंडावर बालपणी टोचलेल्या त्या बीसीजी लशीचा वण आहे. तो वण म्हणजे भक्षक पेशींना आणि टी-पेशींना दिलेल्या पहिल्या पाठाची खूण होय. लहान मुलांतील घातक क्षयापासून ती पुष्कळ संरक्षण देते. मोठेपणी फुप्फुसाच्या क्षयाविरुद्ध तिचा भरवसा तितका नाही, म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घेणे इष्ट. ती तपासणी व औषधे तेथे विनामूल्य मिळतात, आणि नेमाने पुरा उपचार घेतल्यास रोग बरा होतो. ल्युडमिलेच्या आणि आनंदीबाईंच्या वाट्याला हे आले नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पाश्चर संस्थेतील तरुण संशोधक रणांगणावर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडल्या. मेचनिकॉव्ह यांचे हृदय आधीच दुर्बल झाले होते. या आघाताने ते आणखी खचले. शेवटचे काही महिने ते संस्थेतच, पाश्चर यांच्या जुन्या निवासात राहिले. आपल्या दुखण्याची नोंद ते स्वतःच ठेवीत, आणि डॉक्टर सालिंबेनी या सहकाऱ्यास त्यांनी मृत्यूनंतर आपले आतडे बारकाईने तपासण्यास सांगून ठेवले होते. १५ जुलै १९१६ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले आणि रक्षेचा कलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात, पुस्तकांमध्ये ठेवण्यात आला.